धारेचा हिशेब

नोव्हेंबरातल्या सकाळी, वैनगंगेवरचे धुके अजून पुरते उठलेले नसताना, पवनीच्या घाटावर एक वयस्कर ढिवर, म्हणजे मासेमार, काका पळसाचे वाळलेले पान पाण्यात सोडतात आणि शेजारी उभे असलेले शाळामास्तर घड्याळ पाहत पानाबरोबर काठाने चालू लागतात. दोरीने आधीच मोजून ठेवलेले 24 मीटर पान दोन मिनिटांत पार करते. म्हणजे आज धारेचा वेग मिनिटाला 12 मीटर आहे.

गुरुजी हाफ-डिस्टन्स ट्रायथलॉनची तयारी करीत आहेत. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे, हे सारे त्यात एकापाठोपाठ करायचे असते. गोव्यात 2019 साली अशी स्पर्धा झाली, तेव्हा पोहणे समुद्रात होते. गुरुजींनी निवडलेला मार्ग मात्र नदीतला आहे आणि त्यातले निम्मे अंतर धारेच्या विरुद्ध जायचे आहे.

जाताना जे गमावले ते येताना भरून निघेल, असे कोणालाही वाटते, आणि वर्गात गणित शिकवणाऱ्या गुरुजींनाही तसेच वाटले होते. ते मिनिटाला 42 मीटर पोहतात, त्यामुळे साचलेल्या पाण्यात त्यांना 45 मिनिटे पुरतात. आजच्या धारेत मात्र वर जाताना वेग 30 वर येतो आणि 950 मीटरला जवळपास 32 मिनिटे लागतात. परतताना तो 54 होतो आणि तेवढेच अंतर साडेसतरा मिनिटांत सरते. एकूण 49 मिनिटे होतात, कारण अडवणाऱ्या धारेत माणूस जास्त वेळ राहतो आणि साथ देणारी धार त्याला थोडाच वेळ लाभते.

काकांनी हा हिशेब कधी कागदावर मांडलेला नाही. "मधातून कायले जाता गुर्जी, काठाकाठानं जा ना," एवढेच ते म्हणाले. काठाजवळ आणि उथळ तळावर पाणी घासून मंदावते, वळणाच्या आतल्या अंगाला ते आणखी संथ असते. म्हणून वर जाताना आतला काठ धरायचा आणि परतताना मधल्या धारेत शिरायचे. स्पर्धेत बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची, हद्द ओलांडता येत नाही, तरी हद्दीच्या आतही हा फरक जाणवतो. मात्र काठालाच जाळीही लावलेली असतात, आणि कोणते जाळे कुठे आहे हे ढिवरांनाच ठाऊक असते, म्हणून काकांचा डोंगा सोबत असल्याशिवाय गुरुजी पाण्यात उतरत नाहीत.

नदीत तळाशी आखलेली रेघ नसते. सहा-आठ हात मारले की गुरुजी डोळ्यांपुरते डोके वर काढून पलीकडच्या देवळाचा कळस पाहतात, आणि पात्र ओलांडताना कळसाच्या नेमके समोर न जाता थोडे वरच्या अंगाला रोख धरतात, कारण उरलेले अंतर धारच त्यांना खाली आणून सोडते.

पवनीहून भंडाऱ्याला जाऊन परत आले की सायकलीचे जवळपास 90 किलोमीटर होतात. या दिवसांत रस्त्याच्या एका बाजूला धान वाळत घातलेले असते, त्यामुळे वेग आपोआप आवरावा लागतो. गुरुजींच्या एका बाटलीत गूळ, लिंबू आणि मीठ घातलेले पाणी असते. सायकलवरून उतरताच ते धावू लागतात आणि पहिले दोन किलोमीटर पाय लाकडासारखे पडतात. त्याची सवय होणे हाच या सरावाचा उद्देश आहे.

पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्द धरण आहे. त्याला 33 दरवाजे आहेत, आणि तिथून किती पाणी सुटले यावर घाटावरची धार ठरते. अवकाळी पावसानंतरच्या एका सकाळी कालपर्यंत कोरडी असलेली पायरी पाण्याखाली गेलेली दिसली. पान सोडले, तेव्हा ते 24 मीटर 40 सेकंदांत गेले. धार मिनिटाला 36 मीटर, गुरुजी 42. वर जायला उरले 6. काकांनी काही न बोलता डोंगा आणखी वर ओढून बाभळीला बांधला आणि गुरुजी सायकलीत हवा भरायला बसले.