गाडी पायथ्याशीच राहू द्या

नमस्कार मंडळी. आज दक्षिण स्पेनमधल्या पांढऱ्या गावांची, भाड्याच्या गाडीने एका दिवसाची सहल. आर्कोस दे ला फ्रोंतेरा, हेरेस दे ला फ्रोंतेरा, मोरोन दे ला फ्रोंतेरा. दक्षिण स्पेनच्या नकाशावर हे शेपूट पुन्हापुन्हा दिसतं. फ्रोंतेरा म्हणजे सरहद्द. तेराव्या शतकाच्या मध्यापासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत, कास्तिलचं ख्रिस्ती राज्य आणि ग्रानादाची मुस्लिम सल्तनत यांची हद्द या डोंगरांतून जात होती. आज पर्यटक ज्यांना ‘पुएब्लोस ब्लांकोस’, पांढरी गावं, म्हणून बघायला जातात, ती मुळात हद्दीवरची ठाणी. उंच कडा, वर बुरूज, आणि चढणारा दमावा अशा चिंचोळ्या वाटा. परक्याला सहज वर येता येऊ नये म्हणूनच ती बांधली आहेत. तुमची भाड्याची गाडी त्या वाटांच्या हिशेबी परकीच. आपण राजगडावर गाडी नेत नाही, तसंच इथेही समजा.

निघण्याआधी कागद. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओ देतं, शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण तो मूळ लायसन्सचा अनुवाद आहे, मूळ लायसन्स सोबत हवंच. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच तसं नोंदवा, नाहीतर गिअरची मिळते आणि गिअर उजव्या हाताला येतो. आकाराने सर्वांत लहान गाडी घ्या. पंपावर ‘गासोलिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ म्हणजे डिझेल. दोन्ही शब्द ‘गास’नेच सुरू होतात, त्यामुळे चूक होते. रस्ता उजव्या बाजूचा. चौकातल्या वर्तुळात आधीपासून फिरणारी गाडी डावीकडून येते, तिला आधी जाऊ द्यायचं. साध्या दुपदरी रस्त्यावर कमाल वेग ९०. गावात दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असेल तर ३०, आणि पदपथ व रस्ता एकाच पातळीत असतील तर २०.

हेरेसहून सकाळी निघून आर्कोस, साआरा, ग्रासालेमा, शेवटी सेतेनिल, आणि परत हेरेस. एकूण अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण मधला घाट वेळ खातो. रोंदा याच भागात असलं तरी ते यात कोंबू नका. तिथला दरीवरचा पूल १७९३ मध्ये पूर्ण झाला, ९८ मीटर उंच आहे, आणि त्या गावाला स्वतंत्र दिवस द्यायला हवा.

आर्कोसमध्ये गाड्या ओरखडतात. कारण साधं आहे: नकाशाच्या ॲपला तुम्ही ‘प्लासा देल काबिल्दो’ हा वरचा चौक दिलात की ते जवळची वाट दाखवतं, आणि ती वाट दोन भिंतींमधून जाते. मागे वळायला जागा नाही, मागून दुसरी गाडी आलेली. म्हणून पत्ता चौकाचा नव्हे, खालच्या ‘पासेओ दे आंदालुसिया’वरच्या भूमिगत पार्किंगचा द्या. रस्त्यावर लावायची असेल तर पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळी म्हणजे लावूच नका. वर चालत जा. चौकाच्या कठड्यावरून खाली ग्वादालेते नदी आणि कड्याची सरळ धार दिसते, तेव्हा हे ठाणं इथे का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढचं गाव साआरा दे ला सिएर्रा. नाव पूर्ण टाका. याच कादिस प्रांतात समुद्रकाठी साआरा दे लोस आतुनेस आहे, आणि अर्धवट नावाने थेट किनाऱ्यावर पोचायला होतं. डिसेंबर १४८१ मध्ये ग्रानादाच्या सुलतानाने हे साआरा अचानक हल्ला करून घेतलं. तेच ग्रानादाच्या शेवटच्या दहा वर्षांच्या युद्धाचं निमित्त ठरलं. बुरुजापर्यंतची चढण वीसेक मिनिटांची, पण सावली नाही. जुलै-ऑगस्ट टाळा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा.

इथून ग्रासालेमाला दोन वाटा. एक सीए-९१०४, पुएर्तो दे लास पालोमास खिंडीतून, अकराशे मीटरच्या वर. वळणं आवळ, कठडा ठिकठिकाणी नाममात्र. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर उतरा. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ब्रेक तापून सुटल्यासारखे होतात. सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. धुकं किंवा पाऊस असेल तर धरणाच्या बाजूने जाणारा ए-२३०० घ्या. त्याची लाज वाटू देऊ नका.

आणि पाऊस असतो बरं का! ग्रासालेमा स्पेनमधल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक. वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर. अटलांटिकवरून आलेल्या ओल्या वाऱ्याला आडवा येणारा हा पहिला मोठा डोंगर. सह्याद्री आपल्याकडे जे करतो तेच. फरक इतकाच की इथे पाऊस हिवाळ्यात. त्या ओलाव्यावरच ‘पिन्सापो’ हे फर जातीचं झाड तगून आहे.

जेवण इथे, आणि दोन ते साडेतीनच्या आत. चारनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री आठ-साडेआठपर्यंत. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणून भागत नाही. हामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, पुष्कळांच्या लेखी ‘कार्ने’त मोडत नाही, आणि मिश्र सॅलडवर बहुधा ट्यूना मासा असतो. ‘सिन हामोन, सिन आतुन’, म्हणजे हामोन नको, ट्यूना नको, हेही सांगा. पायोयो बकरीचं चीज मात्र जरूर मागा.

भिंती पांढऱ्या का, तर चुना. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजायची, पाण्यात विरवायची, आणि पातळ करून थरावर थर द्यायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगडासारखा होतो. ऊन परतवतो, जंतू मारतो, भिंतीला श्वास घेऊ देतो. वर आधुनिक प्लॅस्टिक रंग चढवला की ओल आत अडकते आणि पापुद्रे सुटतात. मोरोनमधली चुना भाजण्याची परंपरा जपण्याच्या कामाला युनेस्कोने २०११ मध्ये मान्यता दिली.

सेतेनिल दे लास बोदेगास या सगळ्यांना अपवाद. टेकडीवर किल्ला आहे, पण बघायचं ते खाली. नदीने कोरलेल्या कपारीखाली पुढून फक्त भिंत घातली, आणि छत खडकाचंच राहिलं. ‘कुएवास देल सोल’ उन्हाची गल्ली, ‘कुएवास दे ला सोंब्रा’ सावलीची. गाडी गावाच्या वरच्या अंगाला, मोकळ्या पार्किंगमध्ये ठेवा. खालच्या गल्ल्यांत शिरू नका.

परतीला ओल्वेरावरून ए-३८४. हा रस्ता जवळपास पश्चिमेला जातो, आणि संध्याकाळी सूर्य सरळ काचेवर येतो. सेतेनिलमध्येच काच आतून-बाहेरून पुसून घ्या, किंवा सूर्य मावळेपर्यंत तिथेच कॉफी घेत बसा.