पहिली 15 मिनिटं : मुलांना रक्त चढवताना

(फोंडा इथं परिचारिका आणि थॅलेसेमिया, म्हणजे वारंवार रक्त घ्यावं लागणारा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांचे पालक यांच्यासमोरील व्याख्यानाचा संपादित भाग)

पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या तापाची मुलं आपल्या वॉर्डांत येत राहतात, त्यांतल्या एखाद्याला रक्त लागतं. म्हणून पिशवी लावण्याआधी तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब कागदावर हवाच. ही नोंद नसेल तर मध्येच चढलेला ताप रक्ताचा की आजाराचा, हे नंतर कोण सांगणार? तापमान 38 अंश सेल्सियस किंवा अधिक आणि आधीपेक्षा निदान 1 अंशाने जास्त झालं, की ती प्रतिक्रिया समजायची.

आता हिशेब. लाल पेशी साधारणपणे किलोला 10 ते 15 मिलि देतात. बाळ 10 किलोचं असेल आणि 120 मिलि तीन तासांत द्यायचं असेल, तर वेग तासाला 40 मिलि. पहिली 15 मिनिटं मात्र निम्म्या वेगानं, म्हणजे या काळात जेमतेम 5 मिलि आत जातं. चुकीच्या गटाचं रक्त थोडंसं गेलं तरी घात करू शकतं, म्हणून ते 5 मिलि जाईपर्यंत सिस्टरनी खाटेजवळून हलू नये.

मोठा माणूस कंबर दुखते, छाती आवळते म्हणून सांगतो. दोन वर्षांचं मूल नुसतं रडतं, दूध नाकारतं, अंगावर चट्टे उठतात, कातडी चितरी दिसते, बरगड्या आत ओढल्या जातात. आई म्हणाली, ‘आज हें भुरगें वेगळें दिसता,’ तर ते ऐकून घ्या. माझ्या मते या 15 मिनिटांत आईइतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणाचंही नसतं.

शंका आली की आधी रक्त बंद. कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, काढू नका. सेट (पिशवीपासून कॅन्युलापर्यंतची नळी) बदलून नव्या सेटनं सलाईन चालू ठेवा. रिंगर लॅक्टेट वा डेक्स्ट्रोज त्याच नळीतून कधीच नको: पहिल्यातल्या कॅल्शियममुळे रक्त गोठतं, दुसऱ्यानं पेशी फुटतात. मग मुलाच्या हाताची पट्टी, पिशवीचा क्रमांक आणि गट पुन्हा ताडून पाहा. पिशवी कचऱ्यात टाकू नका. सेटसकट रक्तपेढीत पाठवा, सोबत मुलाच्या रक्ताचा ताजा नमुना आणि पहिली लघवी. लघवी लालसर असेल तर पेशी फुटत आहेत. बऱ्याचदा ‘थंडी वाजली’ म्हणून पॅरासिटामॉल देऊन तीच पिशवी पुढे चालू ठेवतात. हे थांबलंच पाहिजे. फक्त अंगावर पित्त उठलं असेल, श्वास आणि रक्तदाब ठीक असेल, तर अँटीहिस्टामिन देऊन डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा सावकाश सुरू करता येतं.

धाप लागली तर दोन शक्यता. फार वेगानं किंवा फार जास्त दिल्यानं हृदयावर भार येतो. हिमोग्लोबिन 5 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असलेल्या मुलांत हे सहज घडतं, म्हणून तिथे एका वेळी किलोला 5 मिलिच, चार तासांत. दुसरी शक्यता फुप्फुसाला इजा. ती सहा तासांच्या आत दिसते.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांना आणखी एक सांगायचं. घरी गेल्यावर, आठ-दहा दिवसांनीही, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा हिमोग्लोबिन लवकर घसरलं तर लगेच कळवा. रक्तात प्रतिपिंड (दिलेल्या रक्ताच्या पेशींविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) सापडले तर त्यांची चिठ्ठी जपून ठेवा आणि दुसऱ्या रुग्णालयात गेलात तरी रक्तपेढीला ती दाखवा, कारण काही महिन्यांनी ते प्रतिपिंड तपासणीत दिसेनासे होऊ शकतात.