हाडाच्या वेळापत्रकावर

(पडद्यावर: जबड्याचा एक्स-रे. करड्या दातांच्या रांगेत एकच ठळक पांढरा आकार.)

एक्स-रेमध्ये खरा दात करडा दिसतो. खाली निमुळतं मूळ, आत नसेची काळसर रेघ. त्याच्या शेजारी हे जे पांढरंशुभ्र दिसतंय, आटे पाडलेलं, ते मूळ नाही. तो टायटॅनियमचा स्क्रू आहे. लांबी साधारण दहा मिलिमीटर, जाडी चारच्या आसपास. त्याच्यावर बसवलेला दात तोंडात पाहिला, तर बहुतेकांना ओळखूसुद्धा येणार नाही.

आता स्क्रूची कड नीट पाहा. आटे कुठे संपतात आणि हाड कुठे सुरू होतं, त्यांच्यामध्ये फट दिसत नाही. डेंटल इम्प्लांट नावाचा उपचार उभा आहे तो या नसलेल्या फटीवर.

पडलेल्या दाताच्या जागी काहीतरी रोवून पाहण्याची धडपड जुनी आहे. होंडुरासमध्ये १९३१ साली माया काळातला एक खालचा जबडा सापडला. इसवी सन ६००च्या सुमाराचा. त्यात पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे घासून आकार दिलेले तीन तुकडे बसवलेले होते. पुढे त्या जबड्याचे एक्स-रे काढले गेले, तेव्हा शिंपल्याभोवती हाड वाढल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे हे मृत्यूनंतरचं सजवणं नव्हतं. जिवंत माणसाच्या जबड्यात कुणीतरी ते बसवलं होतं आणि तो माणूस नंतर बराच काळ जगला होता.

विसाव्या शतकात प्लॅटिनम आणि इरिडियमच्या तारेचे पिंजरे झाले, कोबाल्ट-क्रोमियमचे स्क्रू झाले, पात्यासारख्या पट्ट्या झाल्या. बऱ्याच वेळा शेवट एकसारखाच व्हायचा. शरीर त्या धातूभोवती मऊ तंतूंचं वेष्टण विणायचं आणि त्याला हाडापासून अलग पाडायचं. मग तो दात डगमगू लागायचा, फटीतून जंतू आत शिरायचे. काहींचे इम्प्लांट अनेक वर्षं टिकलेसुद्धा, पण कुणाचा टिकेल आणि कुणाचा नाही, हे आधी सांगता येत नव्हतं.

कोडं सुटलं ते दातांच्या दवाखान्यात नव्हे.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली हाडातले रक्तप्रवाह.)

१९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. सशाच्या पायाच्या हाडात ते टायटॅनियमची एक बारीक नळी बसवत आणि तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं आत डोकावत. प्रयोग संपला की ती महागडी नळी काढून पुन्हा वापरायची, असा बेत. नळी निघेना. हाड तिला चिकटून बसलं होतं.

बिघडलेल्या प्रयोगाकडे लक्ष देणारी माणसं कमी असतात. ब्रोनेमार्क यांनी पुढची दहा-बारा वर्षं याच न निघणाऱ्या धातूवर घालवली. १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्ता लार्सन यांच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन यांना जन्मापासून जबड्याचं व्यंग होतं आणि त्यांच्या खालच्या जबड्यात दात नव्हते. २००६ मध्ये ते वारले, तोपर्यंत ते इम्प्लांट त्यांच्या तोंडात काम करत होते. चाळीस वर्षांहून जास्त.

तरीही दंतवैद्यांना हे पटायला वेळ लागला. हाड परक्या धातूला थेट धरतं, मध्ये काहीही नसताना, ही गोष्ट तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत बसत नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये आंद्रे श्रोडर यांचा गट स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाकडे येत होता. १९८१ मध्ये स्वीडनच्या गटानं आपल्या रुग्णांचा पंधरा वर्षांचा हिशेब छापला, १९८२ मध्ये टोरांटोला परिषद झाली, आणि त्यानंतर वारं फिरलं. हाडाच्या या जुळण्याला ब्रोनेमार्क यांनी दिलेलं ऑसिओइंटिग्रेशन हे नाव आज दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं.

टायटॅनियमच का? या धातूला हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, काही नॅनोमीटर जाडीचा. शरीराची गाठ पडते ती या थराशी, आतल्या धातूशी नाही. थर गंजत नाही, पेशींना त्रास देत नाही, आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्याच्यावर वस्ती करतात. सुरुवातीचे इम्प्लांट गुळगुळीत असायचे. आता पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात, वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि आम्लात बुडवून. खरबरीत पृष्ठभागावर हाड लवकर धरतं.

(पडद्यावर: शस्त्रक्रियेची तयारी. गळणारं सलाइन.)

लोक घाबरतात ते शस्त्रक्रियेला, आणि खरं सांगायचं तर एका साध्या इम्प्लांटमध्ये हाच भाग सगळ्यात छोटा असतो. जागेपुरती भूल. हिरडी बाजूला सारून हाडात आधी बारीक, मग थोडं मोठं, मग आणखी मोठं छिद्र. रुग्णाला दाब जाणवतो, थरथर जाणवते. किडलेला दात कोरणारी मशीन मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते, इथे मात्र वेग हजाराच्या आसपास ठेवतात आणि वरून थंड सलाइन सोडत राहतात. कारण ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर तापलं, तरी हाडाच्या पेशी मरू लागतात. जळलेलं हाड स्क्रूला धरत नाही.

छिद्रात स्क्रू घट्ट बसतो, टाके पडतात, रुग्ण घरी जातो. दोन-चार दिवस सूज. आठवड्यात बहुतेक जण विसरूनही जातात.

गडबड होण्याची शक्यता असते ती इथून पुढे.

पहिल्या दिवशीचा घट्टपणा निव्वळ यांत्रिक असतो, लाकडात पिळलेल्या स्क्रूला असतो तोच. छिद्र पाडताना दुखावलेलं जुनं हाड शरीर खाऊन टाकतं आणि त्या जागी नवं बनवायला घेतं. जुनं जातंय आणि नवं अजून कच्चं आहे, असा काही आठवड्यांचा काळ मध्ये येतो. बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षाही कमी झालेली असते. रुग्णाला याचा पत्ता नसतो. दुखणं थांबलेलं, टाके निघालेले, सगळं ठीक वाटतंय, आणि नेमका तेव्हाच तो त्या बाजूनं चावायला लागतो. स्क्रू एका मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागापेक्षा जास्त हलत राहिला, तर शरीर आपल्या जुन्या सवयीवर येतं: हाडाऐवजी मऊ तंतू विणतं. मग तो इम्प्लांट काढावाच लागतो.

म्हणून थांबणं. ब्रोनेमार्क खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबत. आजच्या पृष्ठभागांमुळे चांगल्या हाडात दीड-दोन महिन्यांतही काम भागतं. खालचा जबडा, विशेषतः पुढचा भाग, भरीव असतो. वरच्या मागच्या दाढांपाशी हाड स्पंजासारखं, आणि त्याच्या डोक्यावर सायनसची पोकळी.

मग "एका दिवसात दात" असं जे सांगितलं जातं, ते खोटं का? खोटं नाही, अर्धं आहे. संपूर्ण जबड्यात दात नसतील, तर चार इम्प्लांट बसवून, मागचे दोन तिरके घालून, त्यांच्यावर दातांची एकसंध पट्टी त्याच दिवशी चढवता येते. पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी ही पद्धत रूढ केली. चारही स्क्रू पट्टीनं एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून एकटा कुणी हलत नाही. पण त्या दिवशीचे दात तात्पुरते असतात, काही महिने मऊच खायचं असतं आणि कायमचे दात नंतर येतात. हाडाचं वेळापत्रक तेच राहतं, फक्त त्या काळात तोंड रिकामं दिसत नाही. लोकांसमोर ज्यांचं काम चालतं, त्यांच्यासाठी तेवढंही मोठं आहे. फक्त जाहिरातीत ते "तात्पुरते" जरा मोठ्या अक्षरांत यायला हरकत नव्हती.

(पडद्यावर: दात काढल्यानंतर हाडाची उंची आणि रुंदी कमी होत जाणारं रेखाचित्र.)

दुसरा वेळ जातो तो हाड कमी पडल्यामुळे. जबड्याचं ते हाड दातासाठीच असतं. दात गेला की ते आटतं, रुंदीनं आधी, गालाच्या बाजूनं जास्त, आणि पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगानं. दाढ काढून पाच-दहा वर्षांनी इम्प्लांटसाठी आलेल्या माणसाच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये कित्येकदा चार मिलिमीटरच्या स्क्रूला पुरेल एवढी जागाच नसते. मग आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर: स्वतःचं हाड, दात्याचं, प्रक्रिया केलेलं प्राण्याचं किंवा कृत्रिम. वरच्या जबड्यात सायनसचं अस्तर हळूच वर उचलून त्याखाली भर घालतात. यात आणखी काही महिने जातात. दात काढण्याच्या दिवशीच पुढचं काय, हे डॉक्टरांशी बोलून ठेवलेलं बरं असतं, ते एवढ्यासाठी.

आणि दात खरोखरच काढायला हवा का, हेही. रूट कॅनल करून वाचण्यासारखा दात इम्प्लांटच्या हौसेपोटी काढणं मला अजिबात पटत नाही. कारण इम्प्लांटला जे कधीच जमत नाही, ते खऱ्या दाताला जमतं.

खरा दात हाडात रोवलेला नसतो. तो झोळीत टांगल्यासारखा असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटरची अरुंद फट असते, तंतूंनी भरलेली. चावताना दात त्या तंतूंवर किंचित दबतो, आणि तंतूंमधल्या संवेदना मेंदूला कळवतात: किती जोर, कुठल्या बाजूनं, मध्ये काय आलं. केसभर वस्तू दातांत आली तरी कळते, ती यामुळेच. इम्प्लांटला ही फट नाही. ती नसणं हेच तर त्याचं यश. त्यामुळे तो दबत नाही आणि फारसं सांगतही नाही. हाडातून, स्नायूंतून थोडी जाणीव येते, पण ती भोंगळ. म्हणून वरची कॅप चावण्यात जराही उंच राहून चालत नाही. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्रीचं गार्ड लागतं.

याच कारणानं मुलांना वाढीच्या वयात इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढतो तसे बाकीचे दात वर सरकतात, हा मात्र होता तिथेच राहतो आणि काही वर्षांत खाली बुडाल्यासारखा दिसतो. वरच्या बाजूला वयाची मर्यादा नाही. ऐंशीतल्या माणसालाही इम्प्लांट बसतो. अडचण होते ती ताब्यात नसलेल्या मधुमेहाची, सिगारेटची, डोक्या-मानेला दिलेल्या रेडिएशनची, हाडं ठिसूळ होण्यावरच्या किंवा कॅन्सरमधल्या काही औषधांची. ही औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी सांगायलाच हवीत.

म्हातारपणी खालची कवळी हलते, बोलताना उचलते, ही तक्रार फार जुनी. तिथे सगळे दात इम्प्लांटवर बसवायची गरज नसते. पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट आणि कवळीला आतून बटणं, एवढ्यानं ती जागेवर राहते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनं पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असं मत दिलं. दोन स्क्रूंचा इतका मोठा उपयोग दुसरीकडे क्वचितच होत असेल, पण पूर्ण दातांच्या झगमगाटात त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

(पडद्यावर: दातांच्या फटीत फिरणारा बारीक ब्रश.)

इम्प्लांटला कीड लागत नाही. म्हणून काही जण त्या बाजूचं ब्रशिंग सैल सोडतात, आणि हिरडी तिथेच दगा देते. खऱ्या दाताला हिरडीचे तंतू आडवे शिरून धरून ठेवतात. इम्प्लांटभोवती ते नुसते वळसा घालतात. जंतूंना वाट सोपी. किटण साचलं की हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, मग स्क्रूभोवतीचं हाड खाली उतरू लागतं, आणि हे बहुतेक वेळा न दुखता. दाताच्या कडेनं फिरणारा बारीक ब्रश रोज, आणि ठरावीक काळानं तपासणी व एक्स-रे, यात ते वेळेत सापडतं. दहा वर्षांनंतरही दहातले नऊ किंवा त्याहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात, असं बहुतेक अभ्यास सांगतात. पण जागेवर असणं आणि भोवतालची हिरडी निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक कागद मात्र रुग्णानं मागून घ्यावा. इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा, किती जाडी-लांबीचा, हे लिहिलेलं स्टिकर किंवा कार्ड. स्क्रू हाडात पक्का असला, तरी त्याच्यावरची कॅप आणि मधला जोडभाग कधीतरी सैल होतो, झिजतो, तुटतो. प्रत्येक कंपनीचं बसणं वेगळं, हत्यार वेगळं. तोवर डॉक्टर बदललेले असतात, गाव बदललेलं असतं, आणि नव्या डॉक्टरांना एक्स-रेतल्या आट्यांवरून कंपनी ओळखत बसावं लागतं. त्या कार्डाचा फोटो फोनमध्ये असला, तरी पुरतो.