खुनी शेवटी कळू दे, नियम आधी कळू दे

नमस्कार, श्रोतेहो.

ज्या जगात माणसाच्या अंगातून झाड उगवू शकतं, त्या जगात खुनाचा तपास करायचा कसा? जिथे काहीही घडू शकतं, तिथे पुरावा तरी कशाचा मागायचा? अलीकडे अद्भुत कादंबरी आणि रहस्यकादंबरी एकाच पुस्तकात नांदायला लागल्या आहेत. मी सध्या हीच पुस्तकं वाचते आहे, आणि आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे. शेवट कुठल्याच पुस्तकाचा सांगणार नाही, तेव्हा निर्धास्त ऐका.

पूर्वी या दोघींची सोयरीक जमतच नव्हती. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. ते स्वतःही रहस्यकथा लिहायचे. त्यांनी भुतंखेतं, दैवी शक्ती यांना कथेबाहेर ठेवलं. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, असंही सांगितलं. आणि मला सगळ्यात आवडतो तो नियम असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवला पाहिजे. लक्षात ठेवा हं, वाचकालाही दाखवला पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे. भूत आणा, राक्षस आणा, जादू आणा, पण तुमच्या जगाचा नियम आधी सांगा आणि मग तो मोडू नका. खुनी शेवटी कळू दे, नियम आधी कळू दे. हे मला पुस्तकं वाचून जेवढं पटलं, त्याहून जास्त माझ्या आत्यामुळे पटलं. ती हकिकत सांगते.

आत्या पंचवटीत राहते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते ऐन पावसाळ्यात. काळा चष्मा, तासातासाला डोळ्यात थेंब, खाली वाकायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, घरोघरी कोणाचं ना कोणाचं झालेलं असतं. पण आत्याला सगळ्यात जाचक होतं ते वाचायचं नाही हे. तिचं लहानपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर गेलं. पुढे नारायण धारपांची पुस्तकं तिने रात्री कंदिलाच्या उजेडात वाचली, आणि घाबरून अर्धवट टाकलं असं एकही पुस्तक नाही. अर्नाळकरांनी हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आत्याला विचाराल तर त्यातल्या निम्म्यांची नावं ती आजही सांगेल.

तर मी संध्याकाळी तिच्याकडे जायचे आणि वाचून दाखवायचे. पुस्तक इंग्रजी, मी मराठीत सांगत जायचे. पुस्तकाचं नाव 'द टेन्टेड कप', लेखक रॉबर्ट जॅक्सन बेनेट. २०२४ साली आलं, २०२५ साली त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सुरुवातच अशी, की एका श्रीमंत हवेलीत इंजिनिअर खात्यातला एक मोठा अधिकारी मरून पडलाय, आणि त्याच्या अंगातून झाड वर आलंय. तपासाला येतो दिन नावाचा तरुण. त्याच्यात असा बदल केलेला आहे की पाहिलेलं, ऐकलेलं तो काहीच विसरत नाही. वेगवेगळ्या वासांच्या कुप्या तो जवळ बाळगतो, एकेका वासाला एकेक आठवण बांधलेली असते. त्याची वरिष्ठ बाई ॲना. ती सहसा घराबाहेर पडत नाही, आणि बहुतेक वेळ डोळ्यांवर पट्टी बांधून बसते. दिन बघून येतो, ऐकून येतो, तिला सांगतो, आणि ती बसल्या जागी विचार करते.

आत्या ताठ होऊन बसली. म्हणाली, "पट्टी का बांधते?" मी म्हटलं, बघण्यासारखं फार झालं की तिला ते सोसत नाही. आत्या म्हणाली, "असं. वाच पुढे."

पुढे दिन हवेलीतल्या नोकरमाणसांची चौकशी करतो. ती पानं बरीच लांब आहेत. मी विचारलं, "आत्या, हे थोडक्यात सांगू का?" तशी ती म्हणाली, "अगं, तो पोरगा कुपी हुंगून शब्द न् शब्द सांगतोय, आणि तू मला पानं गाळून सांगणार? मोलकरणी काय म्हणाल्या ते सगळं वाच." आणि मग तिचे प्रश्न सुरू झाले. घरात कामाला किती जण? किल्ल्या कोणाकडे? पाहुण्यासाठी काय काय तयारी केली होती? न्हाणीघर कुठल्या बाजूला? वाड्यात वाढलेल्या माणसाचे प्रश्न होते ते. दिंडी दरवाजा, चौक, माजघर, मागचं दार हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्याला कोण कुठून कुठे गेलं असेल हे चटकन दिसतं. पंचवटीतले आणि जुन्या नाशकातले वाडे एकेक करून पडताहेत, त्यांच्या जागी सारख्या खोल्यांच्या इमारती उभ्या राहताहेत, याचं मला वाईट वाटतं. वाड्याचे नकाशे तरी कोणी नीट काढून ठेवले पाहिजेत. असो.

आता गंमत ऐका. या कादंबरीतल्या राज्याच्या एका अंगाला समुद्र आहे, आणि पावसाळा आला की समुद्रातून डोंगराएवढे प्राणी किनाऱ्यावर येतात. त्यांना अडवायला प्रचंड भिंती बांधल्या आहेत. भिंत टिकली तर राज्य टिकलं. मला वाटलं होतं, हा भाग आत्याला समजावून सांगावा लागेल. पण बाहेर पाऊस लागून राहिला होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, आणि शेजारचा मुलगा येऊन सांगून गेला होता की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं. गोदाकाठी पुराचं माप मारुतीवरच घेतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, की दुकानदार माल हलवायला लागतात. आत्याने १९६९ चा पूर पाहिलाय, २००८ चा पाहिलाय, २०१६ चा पाहिलाय. तिला भिंत म्हणजे काय आणि ती राखणारा माणूस म्हणजे काय, हे सांगावं लागलं नाही.

तिने चष्मा नीट केला आणि म्हणाली, "थांब. मेलेला कोण? इंजिनिअर ना? पावसाळ्याच्या तोंडावर इंजिनिअर मरतो, आणि सगळे त्या झाडाकडे बघत बसलेत. अगं, भिंतीकडे कोण बघतंय? इथे पाणी मुरतंय."

श्रोतेहो, मी पुस्तक मिटून तिच्याकडे बघत राहिले. कारण पुढे काही प्रकरणांनी पुस्तकही भिंतीकडेच वळलं. आणि नोकरांच्या जबान्यांवरून तिने आणखी एक घरगुती प्रश्न विचारला होता. तो कोणता ते मी सांगणार नाही, पण ॲनाने डोळ्यांवरच्या पट्टीआडून जवळजवळ तोच प्रश्न विचारला, तेव्हा आत्या इतक्या मोठ्याने "बघ!" म्हणाली की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. मग ती शेजारीणही रोज येऊन बसायला लागली. तिला मागची सगळी गोष्ट आत्याने सांगितली, आणि माझ्यापेक्षा नीट सांगितली, सगळ्या नावांसकट.

पुस्तक संपलं त्या दिवशी मी विचारलं, "कसं वाटलं?" आत्या म्हणाली, "माणसाने लपवलं काही नाही. झाड कसं उगवतं, कशाने उगवतं, सगळं माझ्या कानावर घातलं होतं. मग मला शोधता आलं." सगळं कानावर घातलं होतं, म्हणून शोधता आलं. नॉक्ससाहेबांनी अद्भुताला हाकललं होतं, पण त्यांना जे हवं होतं ते या अद्भुत पुस्तकात पुरेपूर आहे.

बाकीच्या पुस्तकांबद्दल आता भरभर सांगते, वेळ थोडा उरलाय. त्यांत काही निव्वळ रहस्यकथाही आहेत.

सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी', २०२० ची. न संपणारी दालनं, जिकडेतिकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्राची भरती-ओहोटी, आणि तिथे राहणारा एक माणूस, जो सगळं वहीत टिपून ठेवतो. आकाराने लहान पुस्तक आहे. सावकाश वाचा. भरतीच्या वेळा तो माणूस ज्या श्रद्धेने नोंदवतो, ते वाचताना मला फार भरून आलं.

'द सायलेंट पेशंट', ॲलेक्स मायकेलिडीस, २०१९. एक चित्रकार बाई नवऱ्याला गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. पुस्तक खाली ठेवता येत नाही, हे खरं. शेवटचा धक्काही जबरदस्त आहे. पण धक्का ओसरल्यावर मला त्या बाईबद्दल आणखी कळायला हवं होतं, आणि ते पुस्तकात नव्हतं. धक्का म्हणजे रहस्य नव्हे. हे पुन्हा सांगते, धक्का म्हणजे रहस्य नव्हे. याउलट जपानचे केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' वाचा. खून कोणी केला हे सुरुवातीलाच समोर घडतं. शेजारचा गणिताचा शिक्षक तो लपवायला मदत करतो, हेही दिसतं. तरी शेवटपर्यंत मनात पाल चुकचुकत राहते. हे मला फार मोठं काम वाटतं.

आणि रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्स्डे मर्डर क्लब', २०२० ची. निवृत्तांच्या वसाहतीतली चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जमून जुने खून सोडवतात. आत्याला हे सांगितल्यावर तिने लगेच विचारलं, "आपल्याकडे गुरुवारी कोण कोण मोकळं असतं?"

एक मागणं प्रकाशकांकडे. मलपृष्ठावर अर्धी गोष्ट सांगून टाकू नका. आणि पात्रांची नावं परकी असतील तर सुरुवातीला एका पानावर यादी द्या, ठसठशीत टायपात. ज्यांच्याकडे वाचायला वेळ आहे त्यांचेच डोळे थकलेले असतात. दुसरं मागणं वाचनालयांकडे. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकांच्या पेट्या कुठल्या कुठे पोचल्या, असं आपलं गाव. इथल्या प्रत्येक लहानमोठ्या वाचनालयात रहस्यकथेचं कपाट दर्शनी असावं. ज्याने अकराव्या वर्षी चोर शोधला, तो चाळिसाव्या वर्षी जाड कादंबरीला घाबरत नाही.

आत्याचे डोळे आता छान आहेत. ती स्वतः वाचते. पण 'द टेन्टेड कप'चा पुढचा भाग, 'अ ड्रॉप ऑफ करप्शन', २०२५ साली आलाय, आणि तो मात्र ऐकायचाच असं तिने ठरवलंय. शेजारीणही येणार आहे. या खेपेला नावांची यादी आधी लिहून आण, असा निरोप आहे, म्हणून मी ती करायला घेतली आहे.

नमस्कार.