को जागर्ति?

नमस्कार श्रोतेहो.

कोजागिरी जवळ आली. तुमच्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटेल, हौजी होईल, गाणी लागतील. माझं मागणं एकच आहे. त्या रात्री तासभर स्पीकर बंद ठेवा आणि शेजाऱ्यांना गोष्ट सांगू द्या. स्वतःवर घडलेली. पुन्हा सांगतो: स्पीकर बंद, आणि घडलेली गोष्ट.

चाळीत यासाठी काही ठरवावं लागत नव्हतं. श्रावणात एका बिऱ्हाडात कहाणी सुरू झाली, 'आटपाट नगर होतं' हे शब्द गॅलरीत पोचले, की चार घरच्या बायका हातातलं काम घेऊन येऊन बसायच्या. आता दार लोटलं की लॅच लागतं.

आमच्या लालबागच्या इमारतीत, जिथे पूर्वी चाळ होती, एका मजल्यावर समोरासमोर एक आजोबा आणि एक आजी राहतात. आजोबा जुन्या चाळीतलेच. आजी दोन गल्ल्या पलीकडून मुलाबरोबर आलेल्या. सहा वर्षांचा शेजार, पण संबंध काय, तर एकमेकांची कुरियरची खोकी घेऊन ठेवण्यापुरता.

तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला आम्ही पहिल्यांदा गोष्टी सांगायला बसलो. सतरंजी अंथरली, मधे स्टोव्हवर पातेलं. (दुधात जायफळ उगाळूनच घाला हो. तयार मसाल्याच्या पुडीला तो वास येत नाही.) आजोबा कधी बोलत नाहीत, पण त्या रात्री बोलले. सतराव्या वर्षी संगमेश्वरहून आले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. एका गाळ्यात बावीस जण. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला वळकटी गुंडाळून निघायचा. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे, पैसे पगाराला. मग १८ जानेवारी १९८२ चा संप. पासष्टच्या आसपास गिरण्या, अडीच लाख कामगार. आजोबांना वाटलं, पंधरा दिवसांत मिटेल. पगार थांबला, पण बाईंनी ताट थांबवलं नाही. चार महिने त्यांनी उधारीवर जेवू घातलं. शिमगा झाला, उन्हाळा आला, आणि आजोबा गावी निघून गेले. दोन वर्षांनी परतले तेव्हा गिरणीत जागा नव्हती आणि बाईंच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं.

"चार महिन्यांचं जेवण माझ्या अंगावर आहे," आजोबा म्हणाले आणि गप्प झाले.

दूध ढवळायला समोरच्या आजी बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "मीपण अठरा माणसांची खाणावळ चालवायची. उधारी लिहायला वही नव्हती. मोरीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायची."

आजोबांनी विचारलं, "रेघांचं काय केलंत?"

"गणपतीच्या आधी चुना मारला. त्याखाली गेल्या." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "भाऊ, जेवून गेलेला माणूस परत आला नाही, तर पैसे मनात यायचे नाहीत. जगला का, एवढंच यायचं."

बावीस-तेवीस वर्षांची पोरं समोर बसली होती. एकानेही मोबाइल बाहेर काढला नाही. आजोबा उठले, पहिला पेला भरला आणि आजींना दोन्ही हातांनी दिला.

गिरणगाव म्हटलं की आपण भोंगा आठवतो, मोर्चे आठवतो, पुढारी आठवतो. पण अडीच लाख माणसांना रांधून कोण घालत होतं? १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लालबाग-परळच्या प्रत्येक पोराला हे नाव ठाऊक असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बाकी सांगण्यासारखं थोडं आहे. खुर्च्यांच्या रांगा नकोत, सतरंजी हवी, म्हणजे सगळे सारख्या उंचीवर येतात. माइक नको. माइक हातात आला की माणूस भाषण करतो. सुरुवात ज्येष्ठांवर टाकू नका, आधी कुणीतरी साधीशी, लोकल चुकल्याची गोष्ट सांगा. मधे कुणी थांबलं, तर टाळ्या वाजवून ती शांतता मोडू नका. आजी बोलल्या त्या तशा शांततेतच. आणि लक्षात ठेवा: स्पीकर बंद, घडलेली गोष्ट.

आमचं दूध त्या रात्री तळाला लागलं. तुम्ही ढवळायला दोघांना बसवा.

नमस्कार.