उस्ताद ऑनलाइन, फी ऑटोपेवर

(ऑनलाइन कुराण क्लासच्या अटी वाचण्याबद्दल कोल्हापुरात दसरा चौकाजवळ पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अस्सलामु अलैकुम, नमस्कार.

कुराणातली सगळ्यात लांब आयत कशाबद्दल आहे, हे इथं बसलेल्या, अख्खं कुराण पाठ असलेल्या हाफिजजींना ठाऊक आहे. नमाज, रोजा, हज यांपैकी कशाबद्दलच नाही. सूरह बकरहची 282 वी आयत, तिसऱ्या पाऱ्यातली, म्हणजे भागातली, ती आहे देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल. ठराविक मुदतीचं देणं असेल तर लिहून ठेवा. ज्याच्यावर देणं आहे त्यानं मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये. रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा नको. हातोहातचा व्यवहार असेल तर मात्र नाही लिहिलं तरी दोष नाही. याचा अर्थ मौलवीसाहेब माझ्यापेक्षा नीट उलगडून सांगतील. मी वकील, माझं पोटच लिखापढीवर चालतं, त्यामुळं या आयतीपाशी माझा जीव जरा जास्त गुंततो.

आता आपल्या घरात बघा. पोरगी नाजरा, म्हणजे बघून, पढत पढत या आयतीपर्यंत येते, मद्द आणि गुन्ना, म्हणजे कुठं उच्चार लांबवायचा आणि कुठं नाकातून काढायचा, हे सांभाळून पढते, मोबाइलमधून उस्ताद ‘माशाअल्लाह’ म्हणतात. आणि त्याच क्लासच्या अटींवर तिच्या अम्मीनं किंवा अब्बांनी एक ओळही न वाचता टिक केलेली असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “दीनचं काम आहे, त्यात काय शंका घ्यायची?”

शंका कुराणावर कुणीच घेत नाही. आपण पैसे देतो ते शिकवणाऱ्याच्या वेळेचे. कुराण शिकवण्याचा मोबदला घ्यावा की नाही, यावर आपल्या फकीहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्यांमध्ये, जुना वाद आहे. सुरुवातीच्या हनफी आलिमांनी नको म्हटलं, नंतरच्यांनी परवानगी दिली, कारण नाहीतर शिकवणारेच उरले नसते. म्हणजे मोबदला आहे आणि तो वेळेचा आहे. मग तो वेळेसारखाच मोजायचा, मिनिटांत आणि तारखांत. शिवाय महिन्याची फी आपण आगाऊ भरतो. पैसे पोचले की देणं क्लास चालवणाऱ्या ॲकॅडमीकडे राहतं, अमुक इतके क्लास. अटी लिहितात तेच. आयतीत ज्याला ‘काही कमी करू नये’ म्हटलंय तो माणूस या व्यवहारात ॲकॅडमी आहे, हे लक्षात ठेवा.

इथून चार पावलांवर मुस्लिम बोर्डिंग आहे. शाहू महाराजांनी 1906 साली ते उभं केलं, कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही पदरचा पैसा दिला. तिथं किंवा आपल्या मोहल्ल्यातल्या मकतबात, म्हणजे कुराणाच्या शिकवणीत, काही खटकलं तर जाऊन विचारता येतं. असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज झाल्यावर मौलवीसाहेब भेटतात, दोन शब्द बोलून विषय मिटतो. ऑनलाइन उस्ताद कैरोत बसलेले, ऑफिस लंडनमध्ये, आणि तुमच्याशी व्हॉट्सॲपवर बोलणारा मुलगा आणखी तिसरीकडे. अशा वेळी विचारायला जागा एकच उरते, अटींचं पान. ऑनलाइन क्लास लावू नका असं मी म्हणणार नाही. शाळा, ट्यूशन, स्पर्धा परीक्षा यांतून पोरांना असरच्या वेळी मकतबात पोचता येत नाही, आणि मुलींसाठी घरबसल्या शिकवणारी आपा, म्हणजे शिक्षिका, मिळते ही मोठी सोय आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. पॅकेज ‘आठवड्यात दोन क्लास, तीस मिनिटांचे’ असं दिसतं. खाली लिहिलेलं असतं, ‘महिन्याला आठ क्लास’. वर्षाचे आठवडे 52, दोनप्रमाणे क्लास होतात 104. बारा महिने आठप्रमाणे होतात 96. मधले आठ क्लास, म्हणजे अख्खा एक महिना, गेला कुठं? काही ठिकाणी पाचव्या आठवड्यात सुट्टी देतात, काही ठिकाणी त्या क्लासचे वेगळे पैसे लावतात. उलट बाजूनं, ‘फी दर चार आठवड्यांनी’ असं असेल तर वर्षात बारा नाही, तेरा वेळा पैसे कट होतात. दीड हजार रुपये धरले तर 18,000 ऐवजी 19,500. यात लबाडी आहेच असं नाही. तेरा वेळा फी घेऊन 104 क्लास दिले तर व्यवहार चोख आहे. तेरा वेळा फी आणि क्लास मात्र 96, असं असेल तर भांडायला जागा आहे. कागद-पेन घ्या, गुणाकार करा, तिसरीतलं पोरगंही करून देईल.

दुसरं कलम गैरहजेरीचं. बहुतेक ठिकाणी मजकूर साधारण असा असतो: उस्ताद दहा मिनिटं वाट बघतील, तोवर मूल आलं नाही तर क्लास झाला असं धरलं जाईल; बदली क्लास हवा असेल तर चोवीस तास आधी कळवा. मला हे कलम वावगं वाटत नाही. उस्तादांना बरेचदा क्लासमागे पैसे मिळतात, आपण न सांगता दांडी मारली तर त्यांचा अर्धा तास वाया जातो. पण पुढची ओळ वाचा. उस्ताद आले नाहीत तर काय? तिथं अनेकदा ‘शक्य झाल्यास’ असा शब्द सापडतो. आपल्याला चोवीस तास आणि त्यांना ‘शक्य झाल्यास’, हे काही बरोबर नाही. क्लास लावायच्या आधी एवढं एकच बदलून मागा, नव्या ॲकॅडम्या ऐकतात.

आणि पूर. हसू नका. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै इथं कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. व्हीनस कॉर्नर, दुधाळी, शुक्रवार पेठ इथली घरं रिकामी होतात, लाइट जाते, नेटवर्क जातं. अटींमध्ये ‘नैसर्गिक आपत्ती’ असं कलम असतं, पण ते वाचलंत तर दिसेल की त्यात सूट ॲकॅडमीला आहे. त्यांच्याकडे संकट आलं तर ते जबाबदार नाहीत. आपल्याकडे पाणी आलं तर क्लास गेला. तेव्हा ‘पॉज’ची, म्हणजे क्लास काही दिवस थांबवण्याची, सोय आहे का, वर्षात किती दिवस, आणि त्या दिवसांची मुदत पुढं वाढते का, हे लिहून घ्या. तीच सोय रमजानलाही कामाला येते. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीत येतो, दहावी-बारावीच्या परीक्षांच्याच दिवसांत. इफ्तार, तरावीहची रात्रीची नमाज आणि बोर्डाचा पेपर यांत सात वाजताचा क्लास कोण करणार?

घड्याळाचंही एक आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. इजिप्तमध्येही 2023 पासून असा बदल पुन्हा सुरू झालाय. आपण काही करत नाही. क्लासची वेळ लंडनच्या घड्याळाप्रमाणे दुपारी दीड ठरली असेल तर ती हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सात असते आणि एप्रिलमध्ये सहा. पोरगं सातला लॉगिन करतं, तोवर गैरहजेरी लागलेली. वेळ ‘भारतीय वेळेप्रमाणे’ असे दोन शब्द अटीत असले की हा घोळ होत नाही.

आता जे कलम अटींत जवळपास कधीच नसतं आणि हिफ्ज करणाऱ्या, म्हणजे कुराण पाठ करणाऱ्या, मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते. हाफिजजी, चुकलो तर सांगा. हिफ्ज करणारं मूल आयत नुसती कानानं पाठ करत नाही. पानावर ती कुठं आहे, उजव्या पानावर वरून तिसऱ्या ओळीत की डाव्या पानाच्या तळाशी, हे त्याच्या डोळ्यांपुढं असतं. आपल्याकडची मुलं बहुधा तेरा किंवा पंधरा ओळींच्या, आपल्या इथल्या लिपीतल्या मुसहफवर, म्हणजे कुराणाच्या प्रतीवर, पाठ करतात. अरब उस्ताद मदीना मुसहफ घेऊन बसतात. त्यात अक्षरांची ठेवण वेगळी, वक्फच्या, म्हणजे पढताना थांबण्याच्या, खुणा वेगळ्या, पान तुटतं तेही वेगळ्या जागी. पाच पारे पाठ झाल्यावर ॲकॅडमीनं उस्ताद बदलले आणि नव्यांनी दुसरा मुसहफ उघडायला सांगितला, तर मुलाची मंजिल, म्हणजे आधी पाठ झालेल्याची उजळणी, डळमळते. अटींत मात्र एकच ओळ असते, ‘शिक्षक बदलण्याचा हक्क आमच्याकडे राहील.’ नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, शिकणाऱ्या मुलाचं उस्ताद बदलल्यानं फारसं बिघडत नाही. हिफ्जच्या मुलाचं बिघडतं. म्हणून मुसहफ कोणता हे लेखी घ्या, उस्ताद बदलले तर क्लास सोडून उरलेली फी परत मागता येईल असंही घ्या. मुलीसाठी आपाच हवी असेल तर ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दावर समाधान मानू नका.

मोबाइल बाहेर काढा जरा. ज्यांनी क्लास लावलाय त्यांनी आपलं यूपीआय ॲप उघडा आणि त्यात ‘ऑटोपे’, म्हणजे दर वेळी पैसे आपोआप कट होण्याची सोय, शोधा. मंजुरी दिलेली नोंद दिसेल. त्यात फीचा आकडा बघू नका, ‘कमाल रक्कम’ बघा. फी दीड हजार असते आणि कमाल रक्कम पाच हजार लिहिलेली असू शकते, म्हणजे उद्या फी वाढली तरी तुम्हाला न विचारता तेवढे जाऊ शकतात. खाली मुदत बघा, कधीकधी ती वीस वर्षांनंतरची असते. तोवर पोरगी स्वतः कुणाची तरी उस्ताद झालेली असेल. रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. पैसे कट होण्याच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि अशा फीसारख्या व्यवहारात एका वेळी 15,000 च्या वर रक्कम असेल तर दर वेळी तुमची वेगळी मंजुरी लागते. ती सूचना आपण जाहिरात समजून पुसतो. पुसू नका.

मंजुरी त्याच ॲपमधून रद्द करता येते. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्लासचं ॲप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपत नाही, पैसे कट होतच राहतात. आणि ऑटोपे रद्द केला म्हणजे करार संपत नाही. अटीत महिन्याची नोटीस असेल तर ते त्या महिन्याची फी मागू शकतात. आधी लेखी कळवा, ई-मेल पाठवा, मग ऑटोपे बंद करा.

सोडायचा मार्ग मुद्दाम अवघड ठेवला असेल, तर कायदा आपल्या बाजूनं आहे. भरती एका बटणावर आणि रद्द करायचं तर फोन करा, तोही विशिष्ट वेळेत, अशा सापळ्याला 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदी आहे. ‘दीन शिकायचं सोडून देताय का?’ असं बटणावर लिहून लाजवणं, तेही त्याच यादीत बसतं. आधीच टिक करून ठेवलेली चौकट 2020 च्या ई-कॉमर्स नियमांना चालत नाही. त्याच नियमांप्रमाणे तुमची तक्रार 48 तासांत पोचल्याचं कळवणं आणि महिनाभरात निकाली काढणं हे त्यांचं काम आहे, आणि परदेशी कंपनी भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर सेवा देत असेल तर ती यातून सुटत नाही. अटींमध्ये ‘वाद लंडनच्या कोर्टात’ असं असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. आता खरं सांगतो. निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी परदेशातल्या छोट्या ॲकॅडमीकडून दीड हजार वसूल करणं जिकिरीचं काम आहे. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं याचा आम्हा वकिलांना आनंद आहे, पण नूरानी कायद्याच्या फीसाठी कुणी तिथवर यावं असं मला वाटत नाही. म्हणून वर्षाची फी एकदम भरू नका, वीस टक्के सूट असली तरी. पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला भरा.

काही जण फी घेतात आणि पावतीवर ‘देणगी’ लिहितात. ॲकॅडमी खरोखर देणगीवर चालत असेल तर देणगी वेगळी द्या, सवाब मिळेल. पण क्लासच्या बदल्यात दिलेल्या पैशाची पावती क्लासच्या फीचीच हवी. देणगी परत मागता येत नाही, आणि मोबदला दिलाच नाही असं म्हटलं गेलं तर आपण ग्राहक आहोत हे सिद्ध करण्यात तुमचा जीव जाईल.

शेवटचं, रेकॉर्डिंग. क्लास रेकॉर्ड करणं वाईट नाही, तक्रारीच्या वेळी तेच पुरावा होतं. पण ‘रेकॉर्डिंग प्रचारासाठी वापरू’ या ओळीला हो म्हणू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, तुमचा नकार मात्र आजच चालतो.

आणि ज्यांच्या ॲकॅडमीकडे अटींचं पानच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, त्यांनी आज घरी जाऊन एक मेसेज टाका: महिन्याला किती क्लास, उस्ताद आले नाहीत तर काय, पॉज किती दिवस, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, उरलेली फी परत कशी. उत्तर आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या महिन्याची फी भरायच्या आधी थांबा.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्या आपांनी मघापासून हात वर केलाय, त्या आधी. फक्त ‘कुठली ॲकॅडमी चांगली’ हे मला विचारू नका, ते हाफिजजींना विचारा. मी अटी वाचतो, किरात नाही.