आयनाने पकडलेला इलेक्ट्रॉन

इलेक्ट्रॉन गमावून धनप्रभारित झालेला अणू, म्हणजे आयन, दुसऱ्या अणूचा इलेक्ट्रॉन किती सहज पकडतो, हे या प्रयोगात मोजले जाते. काचेच्या लहानशा झरोक्यातून दिसणारी ही जांभळट प्रभा म्हणजे आयनस्रोतातला प्लाझ्मा, अर्थात आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांचा वायू होय. चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांना सूक्ष्मलहरी वेग देतात, हे वेगवान इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अणूंवर पुन्हा पुन्हा आदळतात आणि काही अणूंचे सहा-सहा इलेक्ट्रॉन निघून जातात. काही हजार व्होल्टच्या विभवांतराने या साऱ्यांना नळीत ओढले की झोत तयार होतो; मात्र त्यात सर्व प्रभारांच्या आयनांची सरमिसळ असते.

त्यातून हवे ते आयन निवडण्याचे काम हे अवजड चुंबक करते. त्याच्या वेटोळ्यांतील प्रवाह सावकाश वाढवत नेला की आलेखावर एकामागून एक शिखरे उमटतात. सहा धनप्रभारांच्या ऑक्सिजनचे शिखर सापडले की प्रवाह तेथेच स्थिर ठेवला जातो आणि बारीक फटींमधून निसटलेला झोत या छोट्या कोठडीत शिरतो, जिथे अतिशय विरळ हेलियम भरलेला असतो.

इलेक्ट्रॉन पकडण्यासाठी समोरासमोर टक्कर व्हावी लागत नाही; इतका प्रभारित आयन हेलियम अणूच्या आकाराच्या कितीतरी पट दुरूनही त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. प्रभार सहाचा पाच झाला की कोठडीपुढच्या विद्युतक्षेत्रात तो आयन कमी वळतो, आणि म्हणूनच पडद्यावर मुख्य ठिपक्याच्या शेजारी हा दुसरा, फिकट ठिपका दिसतो. दोन्हींतील आयनांच्या संख्यांचे गुणोत्तर काढून त्याला वायूच्या घनतेने आणि कोठडीच्या लांबीने भागले की काटछेद मिळतो, म्हणजे पकड घडण्यासाठी प्रत्येक अणू जणू आडवे धरतो ते क्षेत्रफळ. अशा संथ आयनांसाठी तो 10⁻¹⁵ चौरस सेंटिमीटरच्या घरात असतो.

सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात नळीत उरलेला वायूही इलेक्ट्रॉन पुरवतो, म्हणून कोठडी रिकामी ठेवून तीच मोजणी पुन्हा करावी लागते. शिवाय वायूचा दाब वाढवत नेल्यास सुरुवातीला सरळ चढणारी रेषा पुढे वाकते, कारण एकाच आयनाच्या दोन अणूंशी भेटी होऊ लागतात. भरवशाचा भाग तेवढा सरळ रेषेचा. त्याहून अवघड फसगत वेगळीच असते: एखादा आयन दोन इलेक्ट्रॉन पकडतो, लगेच एक बाहेर फेकतो आणि एकच पकडल्यासारखा दिसतो. मागे उरलेल्या हेलियमचा प्रभार त्याच क्षणी नोंदवला, तरच हे उघड होते. निव्वळ गणितावर विसंबणाऱ्यांनी ही पायरी एकदा पाहावी.

1996 मध्ये रोसॅट उपग्रहाला हयाकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना आढळले; सौरवातातील, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या प्रभारित कणांच्या झोतातील, आयन धूमकेतूच्या वायूतून इलेक्ट्रॉन पकडतात, हे त्याचे कारण पुढे मांडले गेले, आणि त्या किरणांचा अर्थ लावायला हेच काटछेद लागतात.

इकडे दाबमापकाची प्रमाणित उपकरणाशी तुलना चालू आहे, कारण अंतिम आकड्यातील अनिश्चिततेचा मोठा वाटा बहुधा दाबाच्या मोजणीतूनच येतो. ती जुळली की स्रोताचे विभव बदलून पुढच्या ऊर्जेची मोजणी सुरू होईल.